बॅकअपमध्ये काटकसर नको!

लग्नाच्या, मुंजीच्या, गॅदरिंगच्या जुन्या डीव्हीडी आता घरोघरी कॉम्प्युटरवर उतरवल्या जातायत. चांगलंच आहे. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे नात्यातून आणि मित्रांकडून हमखास प्रश्न येतो: "साइज किती ठेवू? क्वालिटी राहिली पाहिजे आणि जागाही वाचली पाहिजे." माझं म्हणणं सरळ आहे. बॅकअप घेताना हा तोल साधायच्या भानगडीत पडूच नका. डिस्कवर आहे ते सगळं, जसंच्या तसं ठेवा.

जागा वाचवायची ही सवय आली कुठून? दोन हजारच्या दशकात एक सीडी म्हणजे ७०० एमबी. दोन तासांचा सिनेमा डिव्हएक्स किंवा एक्सव्हिडमध्ये दाबून त्या एका सीडीत बसवणं ही कलाच होती. हार्डडिस्क लहान आणि महाग, त्यामुळे ती गरजही होती. आज खिशातला फोन १२८ जीबीचा आहे, पण डोक्यात अजून तीच सीडी फिरतेय.

मुळात डीव्हीडीवरचं चित्र आधीच एकदा दाबलेलं असतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत चित्राचा आकार ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. हे न दाबता साठवलं, तर सेकंदाला साधारण १२४ मेगाबिट लागतील. दोन तासांचं चित्रीकरण ४.७ जीबीच्या डिस्कवर बसवलं की आवाज धरूनही वाट्याला येतात जेमतेम ५. म्हणजे लग्नाचा व्हिडिओ तुमच्या हातात पडला, तेव्हाच त्यातली बरीच माहिती गेलेली होती. उरलेल्यातून तुम्ही तो ७०० एमबीवर आणता, तेव्हा सेकंदाला एक मेगाबिटही उरत नाही. एमपेग-२ पेक्षा एच.२६४ कितीतरी हुशार आहे हे मान्य, पण इतकी हुशारी त्याच्याकडेही नाही.

आता हे नुकसान नेमकं कुठे होतं ते बघा. कॉम्प्रेशनचा मुख्य आधार असा, की मागच्या फ्रेमपेक्षा पुढच्या फ्रेममध्ये जे बदललं तेवढंच लिहायचं. भटजी बसलेत, मागचा पडदा तोच आहे, तोवर सगळं स्वस्तात होतं. मग मंगलाष्टकं संपतात आणि अक्षता उडतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी. मागच्या फ्रेमवरून पुढचीचा अंदाज बांधताच येत नाही. एन्कोडरला सगळ्यात जास्त डेटा लागतो तो या क्षणी, आणि तुम्ही तर त्याचे हात बांधून ठेवलेत. ज्या दोन मिनिटांसाठी कॅमेरावाला बोलावला होता, तिथेच पडद्यावर चौकोनी ठोकळे नाचतात.

काळोख्या भागांचंही तेच. डेटा कमी पडला की अंधुक उजेडातले बारकावे आधी पुसले जातात. हॉलच्या कोपऱ्यात, दिव्यांपासून लांब बसलेले आजोबा मग नुसता करडा डाग होऊन जातात. त्यांचं हलतं-बोलतं चित्र जगात कदाचित तेवढंच असेल.

आणखी एक गोष्ट. त्या काळचे बहुतेक कॅमेरे सेकंदाला ५० अर्धी चित्रं घ्यायचे, एकाआड एक ओळींची. घाईत रूपांतर केलं की हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. नाहीतर सॉफ्टवेअर अर्ध्या ओळी सरळ टाकून देतं. मूळ प्रत असेल तर हे पुढे कधीही नीट करता येतं. नसेल तर विषय संपला.

"पण मोबाईलवरच तर बघायचंय!" बघा की. त्यासाठी वेगळी प्रत करा. हँडब्रेकमध्ये एक्स२६४ घेऊन क्वालिटीचा आकडा १८ ते २२ च्या मध्ये ठेवा. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं. फॅमिली ग्रुपवर टाकायला त्याहून लहान करा, माझी काही हरकत नाही. तोल साधायचा तो या बघायच्या प्रतीत. ती बिघडली तर पुन्हा करता येते, कारण मूळ शाबूत असतं.

"हल्ली एआय सगळं सुधारतं," हाही युक्तिवाद मी ऐकतो. जे गेलं ते एआय परत आणत नाही, ते अंदाजाने रंगवतं. तुमच्या आजीच्या चेहऱ्यावर कुणाच्या तरी सुरकुत्या उमटलेल्या चालतील?

राहिला हिशेब. पंधरा डिस्क, प्रत्येकी ४.७ जीबी, म्हणजे फार तर सत्तरेक जीबी. एक टीबीच्या हार्डडिस्कवर अशा दोनशेहून जास्त मावतात. वाचवताय काय नेमकं?

म्हणून आयएसओ करा, किंवा 'व्हिडिओ टीएस' हे फोल्डर पूर्ण उचला आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. दुकानात काम देत असाल तर "एमपी४ नंतर, आधी अख्खी डिस्क कॉपी करून द्या" असं स्पष्ट सांगा. आणि हे लवकर करा. घरच्या डीव्हीडी बहुतेक डीव्हीडी-आर असतात. त्यांच्यावरची नोंद एका रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर उन्हाने, दमटपणाने, नुसत्या वयानेही खराब होतो. नव्या लॅपटॉपला तर ड्राइव्हच नसतो. काही डिस्क आत्ताच वाचताना अडखळत असतील. सुरुवात त्यांच्यापासून करा.