गळते पॅकिंग आणि ज्ञानाची मक्तेदारी

जुन्या मोटारीखाली तेलाचे चार थेंब दिसले की मालकाच्या मनात धास्ती निर्माण होते, आणि त्या धास्तीवर आज एक मोठा व्यापार पोसला जात आहे. इंजिन उतरवावे लागेल, खर्च फार येईल, त्यापेक्षा ही गाडी मोडीत काढा आणि हप्त्याने नवी घ्या, असा सल्ला त्याला दिला जातो. हा सल्ला पुष्कळदा अज्ञानातून येत नाही, हिशेबातून येतो. तो हिशेब आपण तपासला पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. पद्मिनी घ्या की अँबॅसडर, इंजिनाच्या सांध्यांत कॉर्कचे, कागदाचे वा रबराचे पॅकिंग असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होते, आकसते आणि तेल झिरपू लागते. वरच्या टॅपेट कव्हरचे पॅकिंग, तळाच्या चेंबरचे पॅकिंग आणि ड्रेन बोल्टखालचे वॉशर ही गळतीची नेहमीची ठिकाणे. इंजिन थंड असताना रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने ते स्वच्छ पुसावे, गाडी थोडी चालवावी आणि ओल सर्वांत वर कोठे दिसते ते पाहावे. तेल खाली ओघळते व वाऱ्याने मागे पसरते. म्हणून जेथे थेंब पडतो तेथेच दोष असेल असे नाही. टॅपेट कव्हर काढून जुने पॅकिंग खरवडावे, नवे बसवावे आणि नट थोडे थोडे, सारख्या जोराने आवळावेत. अधिक आवळल्यास कॉर्क चिरडते व पत्रा वाकतो. ब्रीदरची नळी तुंबली असेल तर आतील वायूचा दाब वाढून नवे पॅकिंगही गळू लागते. तेव्हा ती आधी साफ करावी. चेंबरसाठी गाडीखाली शिरायचे असल्यास केवळ जॅकवर विसंबू नये. भक्कम स्टँड लावावेत आणि चाकांना ठोकळे द्यावेत. क्रँकचे मागील ऑइल सील गळत असेल तर सामान्यतः गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि ते काम मेकॅनिकचेच. परंतु घरचे काम कोणते आणि गॅरेजचे कोणते, हे ज्याला कळते त्याला लुबाडणे सोपे नसते.

आपल्यातील काही मित्र विचारतील की मोटार ही सुखवस्तूंची चैन. तिच्या तेलाशी समाजवाद्यांना काय कर्तव्य? त्यांनी तिसऱ्या हाताची गाडी कोण चालवतो ते पाहावे. प्रवासी वाहून पोट भरणारा चालक आणि आठवडी बाजारात माल नेणारा किरकोळ विक्रेता यांच्या दृष्टीने गाडी हे उत्पादनाचे साधन आहे. साधनावर मालकी कागदोपत्री असून भागत नाही. ते उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार नसेल, तर ती मालकी पोकळ आहे.

हा अधिकार हिरावला जात आहे, ही केवळ आमची तक्रार नव्हे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग व दोषनिदानाची साधने त्यांनी आपल्या अधिकृत विक्रेत्यांपुरती राखून ठेवली आणि स्वतंत्र कारागिराला बाजारातून दूर ठेवले, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली, संकेतस्थळही सुरू केले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. दरम्यान काही महागड्या गाड्यांतून तेल मोजण्याची काडीसुद्धा नाहीशी झाली आहे! आपल्या इंजिनात तेल किती, हेही मालकाने पडद्याला विचारायचे!

यंत्र कसे असावे याचा विचार आपल्या देशात पूर्वी झालेला आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटींत किंमत दीडशे रुपयांपर्यंत असावी, यंत्र किमान वीस वर्षे टिकावे आणि वार्षिक दुरुस्तीचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा, असे स्पष्ट म्हटले होते. दुरुस्ती ही यंत्राच्या रचनेतच धरलेली अट होती. आजच्या कारखानदारीला ही अट लावून पाहा, म्हणजे प्रगतीचे ढोल किती पोकळ आहेत ते कळेल.

कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनीचे उत्पादन थांबल्यानंतरही दोन दशके मुंबईच्या टॅक्सी धावल्या, त्या रस्त्याकडेच्या मेकॅनिकांच्या बळावर. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये हटली, ती वीस वर्षांची वयोमर्यादा संपली म्हणून. या कारागिरांना आपल्या समाजाने कोणती प्रतिष्ठा दिली? हात काळे करणाऱ्याला खालचा मानण्याची आपली खोड जातिव्यवस्थेइतकी जुनी आहे आणि कंपन्यांची मक्तेदारी तिच्याच आधारे निर्वेध चालते. जो मध्यमवर्गीय स्वतःच्या गाडीचा नट ओळखत नाही आणि तो ओळखणाऱ्याला मानही देत नाही, तो लुटीची वाट स्वतःच मोकळी करतो.

जुन्या गाड्या प्रदूषण करतात हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता कामा नये. गळके तेल पावसाबरोबर नाल्यात जाते. काढलेले तेल गटारात ओतणे हा तर अपराधच होय. ते डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. परंतु गळतीवरचा पहिला उपाय पॅकिंग बदलणे हा आहे. चालते इंजिन भंगारात घालून नवे पोलाद ओतण्याने पर्यावरणाचे रक्षण होते, असे सरसकट सांगणे हा विक्रेत्यांचा युक्तिवाद आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि दोषनिदानाची साधने वाजवी दरात सर्वांना मिळावीत, असा बंधनकारक कायदा हवा. वाहनाचे उत्पादन थांबल्यावरही ठरावीक वर्षे भाग पुरविण्याची सक्ती हवी. शाळेत मुलामुलींच्या हाती पाना द्यावा. आणि कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत मेकॅनिकांना पाचारण करून दुरुस्तीचे वर्ग भरवावेत. शिकविणारे ते असतील आणि शिकणारे आपण. मक्तेदारीविरुद्ध ठराव आपण पुष्कळ केले. आता बाह्या सारून तिचे झाकण उघडण्यास शिकले पाहिजे.