बंद खोक्यातली जत्रा

२०१७ च्या दिवाळीत आमचा भाचा पुण्याहून धाराशिवला आला, तेव्हा गाडीच्या मागच्या आसनावर एक भलेमोठे खोके होते. खोक्यावर आकाशपाळण्याचे चित्र होते. पाळण्याखाली तिकिटाची खिडकी, फुगेवाला, खाऊचे दुकान आणि हसऱ्या चेहऱ्यांची इवलीशी माणसे. त्याच्या सहा वर्षांच्या मुलाने ते खोके सबंध प्रवासात मांडीशी धरले होते. घरात शिरताच त्याने ते ओसरीवर ठेवले आणि आम्हांला विचारले, "आजोबा, आत पाळणा खरंच फिरतो का?" आम्ही कात्री शोधायला उठलो. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, ते फोडायचं नाही. फोडलं की किंमत गेली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, तुमच्या माळ्यावर असू द्या." ते खोके तेव्हापासून आमच्या माळ्यावर आहे. या लेखाचे निमित्त तेच.

डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या ओले कर्क क्रिस्तियान्सेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. पुढे त्याच्या कारखान्याला लेगो हे नाव मिळाले. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची ती जुळणी आहे. आज आपण ओळखतो त्या विटेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ चे, आणि त्या साली साच्यातून निघालेली वीट आज निघालेल्या विटेत घट्ट बसते. या कंपनीने मोठ्यांसाठी जत्रेचे संच काढले आहेत. २००९ मध्ये ३,२६३ तुकड्यांचा घोड्यांचा चक्रीपाळणा आला. त्याची मूळ किंमत २५० डॉलर होती. २०१५ मध्ये २,४६४ तुकड्यांचा आकाशपाळणा आला, २०१७ मध्ये नवा चक्रीपाळणा, २०१८ मध्ये ४,१२४ तुकड्यांची घसरगाडी, २०२० मध्ये भुताचे घर आणि २०२२ मध्ये उलट्या कोलांट्या घेणारी गाडी. प्रत्येक संच काही वर्षे विकला जातो आणि मग कंपनी त्याचे उत्पादन थांबवते. या व्यवहाराच्या भाषेत संच 'निवृत्त' होतो. निवृत्तीनंतर किंमत वाढते, ही गोष्ट आमच्या शिक्षकी पेशाला अपरिचित असल्याने तिचे आम्हांला काहीसे अप्रूपच वाटले.

भाच्याचा हिशेब अडाणी नाही, हे प्रथम मान्य करावयास हवे. मॉस्कोतील दोन अर्थशास्त्र-अभ्यासकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या २,३२२ संचांच्या दुय्यम बाजारातील किमती तपासल्या आणि वर्षाला सरासरी किमान ११ टक्के परतावा मिळतो असा निष्कर्ष काढला. जागतिक वृत्तपत्रांनी २०२१ च्या अखेरीस तो मोठ्या मथळ्यांनी छापला. सोन्याहून विटा बऱ्या, असा त्याचा सूर होता. पण त्याच अभ्यासात एकेका संचाचा परतावा उणे ५० टक्क्यांपासून अधिक ६०० टक्क्यांपर्यंत पसरलेला दिसतो, हे मथळ्यांत मावले नाही. कंपनीच्या मनात आले तर ती जुना संच पुन्हा काढू शकते. २००८ चा ताजमहाल वर्षानुवर्षे चढ्या भावाने विकला जात होता. २०१७ मध्ये कंपनीने तो जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा बाजारात आणला आणि जुन्या खोक्यांचे भाव उतरले. आपल्याकडे तर खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. तेव्हा येथे खोके घेणारा पहिल्याच दिवशी चढ चढून उभा असतो. शिवाय माळा लागतो, उंदीर आणि ओल यांच्यापासून राखण लागते, आणि ती राखण करणारा मामा लागतो.

नफातोटा ज्याचा त्याने पाहावा. आमचा आक्षेप एका शब्दाला आहे. भाचा या उद्योगाला 'माझं कलेक्शन' म्हणतो. मराठीत आपण सहज 'संग्रह' म्हणून मोकळे होतो. पण आपल्या भाषेत 'साठा' असाही एक शब्द आहे, आणि या दोन शब्दांत फरक आहे. साठ्यातली प्रत्येक वस्तू दुसरीसारखी असते आणि ती दाराबाहेर पडण्याच्या दिवसाची वाट पाहत असते. संग्रहातली वस्तू शेजारच्या वस्तूला अर्थ देते, आणि ती काढून घेतली तर एक भोक पडते. ज्वारीच्या पेवाला कोणी संग्रहालय म्हणत नाही. वाल्टर बेन्यामिन हा स्वतः जुनी बालपुस्तके जमवणारा आणि खेळण्यांवर लिहिणारा लेखक. संग्राहक हा वस्तूंना उपयुक्ततेच्या वेठबिगारीतून सोडवणारा माणूस आहे, असे त्याचे म्हणणे होते. बंद खोक्यातली जत्रा उपयुक्ततेतून सुटली आहे खरी. पण ती त्याहून कडक धन्याच्या, म्हणजे भावाच्या, चाकरीत गेली आहे. तिच्याशी कोणी खेळले नाही एवढाच तिचा गुण. ज्या वस्तूचे नावच 'छान खेळ', तिची किंमत न खेळण्यावर ठरावी, याहून मोठा उपरोध आम्हांला ठाऊक नाही.

आमच्या धाराशिवपासून तेर काही फार दूर नाही. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे ग्रीक दर्यावर्द्यांच्या 'पेरिप्लस'मधले तगर. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे हे नगर, आणि येथले कापड गाड्यांवरून भडोच बंदराला जात असे, असे तो ग्रंथ सांगतो. १९५८ मध्ये येथे चापेकरांनी उत्खनन केले. पण त्याआधीपासून या गावातले एक गृहस्थ, रामलिंगप्पा लामतुरे, पांढरीच्या टेकाडांतून वर येणाऱ्या वस्तू जमवत होते. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती आणि खेळणी, अशा हजारो वस्तू त्यांनी राखल्या. आज गावात त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. त्यातली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा पाहून अभ्यासकांना थेट पाँपेईची आठवण झाली, इ. स. ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात १९३८ साली सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती हिच्या नात्यातली.

आमचे विद्यार्थी मात्र त्या हस्तिदंती बाईपुढे फार वेळ थांबत नाहीत. ते थांबतात मातीच्या चित्रांपुढे. सातवाहन काळातील या मृण्मूर्तींपैकी कित्येक केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या आहेत आणि दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात. दोन्ही दाबून जोडायचे आणि भाजायचे. आत पोकळ, वजनाला हलके. म्हणजे साच्यातून एकसारख्या अनेक वस्तू काढण्याची कल्पना बिलुंडच्या सुताराआधी जवळजवळ दोन हजार वर्षे आमच्या तेरणेकाठी नांदत होती. त्यामुळे 'ते यंत्राचे, आपले हाताचे' असा सोपा गहिवर आम्हांला काढता येत नाही. फरक साच्यात नाही. फरक असा की तेरची खेळणी बहुतेक मोडकी आहेत. कोणाचे डोके नाही, कोणाचा पाय नाही. ती मोडली कारण ती हाताळली गेली. मुलाला खेळण्यातला जीव पाहायचा असतो, म्हणून ते खेळणे फोडते, असे बोदलेरने १८५३ च्या खेळण्यांवरील निबंधात सुचवले आहे. तेरच्या कपाटांत त्या शोधाचे पुरावे रांगेने मांडलेले आहेत. ज्या गावी गोरोबाकाकांनी मडकी घडवली आणि संतांचीही डोकी थापटून कच्चे-पक्के ठरवले, त्या गावाला माती आणि पारख दोन्ही नवी नाहीत.

येथे एक प्रतिवाद होईल, आणि तो रास्त आहे. लामतुरे यांनी वस्तू काचेआड ठेवल्या. त्यांच्याशीही आता कोणी खेळत नाही. मग माळा आणि संग्रहालय यांत भेद काय? आणखी दोनशे वर्षांनी एखाद्या अभ्यासकाला आजचा अखंड खेळ हवा असेल, तर तो भाच्यासारख्यांच्या लोभामुळेच मिळेल ना? मिळेल, हे आम्ही नाकारत नाही. लोभानेही पुष्कळ गोष्टी वाचवल्या आहेत. परंतु लामतुरे यांनी जे उचलले त्याला तेव्हा भाव नव्हता. पावसाने उघडे पडलेले मातीचे डोके नांगराच्या फाळाखाली जाणार होते. त्यांनी त्याला मोल दिले. गुंतवणूकदार मोल देत नाही, भाव ओळखतो. आणि शेवट पाहा: एकाची वस्तू गावाकडे राहिली, दुसऱ्याची वस्तू सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे जाईल. पुण्याचे दिनकर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारे कवी. त्यांनी जन्मभर दिवे, अडकित्ते, वाद्ये, दारे-खिडक्या जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो शासनाच्या स्वाधीन केला. त्यांच्या संग्रहातला अडकित्ता उद्या किती रुपयांना जाईल, या प्रश्नाने त्या अडकित्त्याविषयी काहीच कळत नाही.

आमच्या जिल्ह्यात वेचण्याची आणखी एक रीत आहे. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत लाखो माणसे शेतातून चुन्याचे खडे वेचतात आणि देवीला वाहतात. खडा कोणी घरी नेत नाही. उन्हात वाकून, निवडून, हातात घेऊन तो सर्वांच्या राशीत टाकायचा. या रीतीमागची श्रद्धा ज्याची त्याने जाणावी. आम्हांला तीत संग्रहाची एक व्याख्या दिसते. वेचणाऱ्याच्या हाताला वस्तू लागली पाहिजे आणि रास सर्वांची असली पाहिजे.

आता आमच्या मुद्द्याकडे येतो. प्लास्टिकच्या जत्रेचा प्रत्येक तुकडा क्रमांकासह नोंदलेला आहे. कोणत्या संचात कोणत्या रंगाचा फुगा होता, तो कोणत्या वर्षी बदलला, हे जगातला कोणीही हौशी माणूस क्षणात सांगेल. आणि येरमाळ्याच्या, तेरच्या, नळदुर्गच्या खंडोबाच्या जत्रेत गेल्या पन्नास वर्षांत काय विकले गेले याची नोंद कोठे आहे? पत्र्याची टिकटिकी, ताडाच्या पानाचे भिरभिरे, बांबूची पिपाणी, मातीची दोन चाके आणि कागदाचे ढोलके लावलेली, दोरीने ओढताना टकटक वाजणारी गाडी, हे सारे आमच्या डोळ्यांदेखत गेले. त्याबरोबर शब्द गेले. त्या टकटक गाडीला आमच्या आईच्या गावी एक नाव होते. ते आम्हांला आज आठवत नाही आणि ज्यांना विचारावे ती माणसे उरली नाहीत. वाङ्मयाच्या अध्यापकाने याहून मोठा कबुलीजबाब काय द्यावा?

या नाशाचा दोष बिलुंडच्या कारखान्याला देता येणार नाही, भाच्यालाही नाही. मराठीचे विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. लोकसाहित्याची अभ्यासपत्रिका बहुतेक ठिकाणी आहे. आपण विद्यार्थ्यांकडून ओव्या गोळा करवतो, म्हणी गोळा करवतो. पण त्या ओव्यांतली माणसे जत्रेतून मुलासाठी काय घेऊन येत होती, हे विचारत नाही. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने दरवर्षी आपल्या गावच्या जत्रेतून एक खेळणे विकत घ्यावे. दहा-वीस रुपयांचे चालेल, चिनी बनावटीचे निघाले तरी चालेल, कारण तीही आजच्या जत्रेची खरी नोंद आहे. सोबत चार गोष्टी लिहाव्यात: विकणारा त्याला काय म्हणतो, ते कोठून आले, कितीला घेतले आणि घरी आणल्यावर ते किती दिवस टिकले. चौथ्या प्रश्नासाठी ते मुलाच्या हाती द्यावे लागेल. मोडले की तुकडे विभागाच्या कपाटात आणून ठेवावेत. दहा वर्षांत त्या कपाटात जे जमेल त्याला कोणत्याही बाजारात भाव येणार नाही. पण त्यातून एक कोश होईल, आणि त्यात त्या टकटक गाडीचे नावही कदाचित सापडेल.

माळ्यावरच्या खोक्याचे काय? भाचा अधूनमधून दूरध्वनीवर त्याची खुशाली विचारतो. चित्रातल्यासारख्याच आकाशपाळण्याचे उत्पादन केव्हाच थांबले. भाव चढला आहे आणि अजून चढेल, असे तो सांगतो. त्याचा हिशेब बरोबर ठरला, हे आम्ही त्याला प्रामाणिकपणे सांगितले आहे. त्याचा मुलगा आता उंच झाला आहे, आवाज फुटला आहे, दहावीच्या उंबरठ्यावर आहे. गेल्या सुट्टीत तो आला, तेव्हा त्याने माळ्याकडे पाहिले. आम्हांला वाटले, आता विचारेल. कात्री कोठे आहे हे आम्हांला ठाऊक होते. त्याने विचारले, "आजोबा, आता किती येतील त्याचे?"

पाळणा फिरतो का, हे त्याने विचारले नाही. आम्हांलाही ते अजून माहीत नाही.