थंडीच्या रात्री आणि घरातले वैयावृत्य

मार्गशीर्ष लागला की वेळापूरच्या बाजारपेठेचे वेळापत्रक बदलते. सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि जानेवारीत सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे रात्र जवळजवळ तेरा तासांची. दुपारी अंगातील स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे दोन पांघरुणे पुरत नाहीत. अकलूजकडे कारखान्याचा गळीत हंगाम सुरू असतो, उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टर रस्त्याने अखंड वाहत असतात, धूळ दुकानाच्या फळीवर आणि घराच्या ओट्यावर सारखीच बसते. दुकानातील गर्दीचेही हेच दिवस आणि घरातील लहानग्यांची नाके वाहू लागण्याचेही हेच. एक मूल बालवाडीतून सर्दी घेऊन येते, चौथ्या दिवशी धाकटे शिंकू लागते आणि आठवड्याच्या शेवटी आजोबांनाही खोकल्याची उबळ येते.

सर्दी थंड हवेने होते असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. ती विषाणूंमुळे होते. थंडीत दारे-खिडक्या बंद करून सारे घर एका खोलीत निजते, त्यामुळे एकाची सर्दी दुसऱ्याला लवकर लागते. पाच वर्षांखालील निरोगी मुलालाही वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होऊ शकते. ती बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप ओसरते. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. दिवसभर असंख्य हातांतून आलेल्या नोटा मोजून घरी आलेल्या माणसाने बाळाला उचलण्यापूर्वी साबणाने हात धुतले, तर सर्दीची एक वाट बंद होते. हा उपाय बिनखर्चाचा आहे आणि पुरुषमंडळींनी करायचा आहे.

यापुढील प्रश्न मात्र खास आपल्या घरांतला आहे. रात्री नऊ वाजता तीन वर्षांच्या मुलाचे अंग तापते. घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे झालेली असतात. सासूबाईंचा चौविहाराचा नियम वर्षानुवर्षांचा. सून औषधाची बाटली आणि पाण्याचा पेला घेऊन उभी असते आणि तिला कोणी काही म्हणत नाही. पण म्हणत नाही यातच पुष्कळसे म्हटलेले असते. मग ती औषध देते, पाणी मात्र दोनच घोट पाजते, आणि पहाटेपर्यंत लेकराचे ओठ सुकतात. अशा रात्री अनेक घरांत येतात आणि सकाळी त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. या मौनाविषयीच आज थोडे लिहायचे आहे.

व्रत ही समजून-उमजून घेण्याची गोष्ट आहे. ज्याला त्यागाचा अर्थ कळतो त्यानेच त्याग करावा, असा आपल्या आचारशास्त्राचा रोख आहे. व्रतग्रहणाच्या पात्रतेसाठी सर्वसाधारणपणे आठ वर्षांचे वय सांगितले जाते, तेही याच विचाराने. लहान मुलाला रात्री न खाण्याची सवय लावणे हा संस्कार आहे आणि तो चांगलाच आहे. परंतु तापलेल्या मुलाचे पाणी रोखणे हा संस्कार नव्हे. तापात श्वास जलद होतो, घाम येतो आणि शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. मोठ्या माणसाला चौविहारापासून नवकारशीपर्यंतचे सुमारे चौदा तास सहज निभतात. दहा-बारा किलो वजनाच्या आजारी देहाला ते निभत नाहीत. अंगावर पिणाऱ्या बाळाला तर रात्री वारंवार पाजणे हेच त्याचे अन्न, पाणी आणि निम्मे औषध असते.

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त श्रावकाची जी चार शिक्षाव्रते सांगितली, त्यांत वैयावृत्याचा समावेश आहे. तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्य हे सहा अभ्यंतर तपांपैकी एक मानले आहे. त्याचा मूळ संदर्भ साधुसेवेचा आहे हे खरे. पण सेवेची वृत्ती घरात शिकल्यावाचून मंदिरात येत नाही. रात्री दोनदा उठून लेकराचा श्वास पाहणारी, कोमट पाणी चमच्याने पाजणारी आई नियमभंग करीत नसते. ज्या घरातील वडीलधारे हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगतात, त्या घरात नियमही टिकतो आणि मूलही लवकर बरे होते. आजीने एवढेच म्हणावे, ‘तू पाज, मी गाळलेले पाणी उकळून थर्मासमध्ये भरून ठेवले आहे.’ तिचा चौविहार त्यामुळे किंचितही उणा होत नाही.

दुसरा नित्याचा विषय मधाचा. खोकला झाला की शेजारून सल्ला येतो की मधातून चाटण द्या. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग आपल्याकडे मूलगुणांत येतो. तरीही ‘औषध म्हणून चालते’ असे हळूच म्हणणारे कोणीतरी निघतेच. येथे वैद्यकशास्त्र आपल्या बाजूचे आहे. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. कारण मधात असू शकणाऱ्या एका जिवाणूमुळे तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. वर्षानंतरच्या मुलांचेही मधावाचून काही अडत नाही. सुंठीची चिमूट गुळात आणि तुपात कालवून द्यावी, कोमट पाणी वरचेवर पाजावे, मुगाचे कढण द्यावे. घशाला आराम पडतो. ओले आले व ओली हळद आपण वर्ज्य मानतो. सुंठ आणि वाळलेली हळद आपल्या स्वयंपाकघरात पूर्वापार आहेत.

मात्र सहा महिन्यांखालील बाळाला यांतील काहीही नको. फक्त आईचे दूध. घुटी उगाळून देण्याची हौस आजीने आवरावी. सहा महिन्यांनंतर आजारपणात मुलाचे अन्न बंद करू नये. ते थोडे थोडे आणि अनेकदा द्यावे. आहाराच्या पुस्तकांतून बटाटा आणि गाजर हमखास सांगितलेले असते. त्यांच्या जागी लाल भोपळा, दुधी, मऊ मुगाची खिचडी, वर तुपाची धार, ज्वारीची पातळ पेज आणि कुस्करलेले केळे चालते. केळ्याने किंवा ताज्या दह्याने सर्दी होते, या समजुतीला आधार नाही.

घरगुती उपायांपैकी काही निरुपद्रवी आहेत, काही घातक. नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब औषधाच्या दुकानात मिळतात. पाजण्यापूर्वी आणि निजवण्यापूर्वी तेच पुरेसे होतात. नाकात व कानात तेल घालू नये. नाकातले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकते. ओवा-कापराची पुरचुंडी बाळाच्या उशाशी ठेवण्याची चाल जुनी आहे. परंतु कापराचा लहान तुकडा पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. म्हणून कापूर मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नये आणि त्याचा मलम दोन वर्षांखालील मुलाला लावू नये. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे याहून धोक्याचे आहे. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो आणि रंगही नसतो. निजलेल्या माणसाला तो कळत नाही. ऊब हवी तर बाळाला आईच्या अंगाशी घ्यावे, टोपी आणि मोजे घालावेत, पण खिडकीची एक फट उघडी ठेवावी.

संक्रांतीनंतर बोरन्हाण येते. सर्दी-खोकला झालेल्या मुलांना त्या दिवशी नम्रपणे घरीच ठेवावे. मुलाच्या डोक्यावरून ओतायच्या पदार्थांत अख्खी बोरे, शेंगदाणे, फुटाणे व गोळ्या असू नयेत. पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत ते अडकतात. चुरमुरे आणि बत्तासे यांनीही सोहळा तितकाच गोड होतो.

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचे. साधी सर्दी आणि न्यूमोनिया यांतील फरक आईला घरी ओळखता येतो. मूल शांत किंवा निजलेले असताना त्याच्या पोटावरचे कपडे बाजूला सारून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळाचे 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक श्वास झाले, तर तो जलद श्वास समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल काही पीत नसेल, सारखे उलटत असेल किंवा ग्लानीत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तीन महिन्यांखालील बाळाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, तर अन्य लक्षण नसतानाही ते तातडीचे समजावे.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात एखाद्या मुलाला झटका येतो. घर घाबरून जाते. त्याला कुशीवर वळवावे, भोवतालच्या वस्तू दूर कराव्यात, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, पाणी पाजू नये. चप्पल वा कांदा हुंगवल्याने काही होत नाही; आपल्या घरात कांदा नसतो म्हणून कोणी शेजारी धावते, तो वेळ वाहन काढण्यात घालवावा.

न्यूमोनियाविरुद्धची लस बालकांच्या सरकारी लसीकरणात 2021 पासून देशभर मोफत आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत ती दिली जाते. हंगामाच्या धांदलीत तारीख हुकते; म्हणून दुकानाच्या दिनदर्शिकेवर जेथे हुंडीची आणि भरण्याची तारीख लिहितो, तेथेच नातवाच्या लसीची तारीखही लिहावी.

औषधांविषयी बोलताना आपल्या समाजाची जबाबदारी दुहेरी आहे. कारण आपण ती विकत घेतो तशी विकतोही. आपल्यापैकी अनेकांची औषधांची दुकाने आहेत. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुले दगावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्यानंतर केंद्रीय आरोग्य विभागाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत. गल्ल्यासमोर उभी असलेली घाबरलेली आई जेव्हा ‘मागचीच बाटली द्या’ म्हणते, तेव्हा ती बाटली देण्याला क्षणही लागत नाही. ‘ताई, याची गरज नाही, श्वास मोजा, डॉक्टरांना दाखवा’ असे सांगायला दोन मिनिटे लागतात आणि विक्री बुडते. साध्या सर्दीवर प्रतिजैविक विकण्याचेही तसेच. ते विषाणूंवर चालत नाही आणि चिठ्ठीवाचून विकणे कायद्यालाही धरून नाही. तापाच्या औषधातही जपावे लागते: मात्रा वजनावरून ठरते, वयावरून नव्हे, आणि थेंबांच्या बाटलीतील औषध मोठ्या बाटलीतील औषधापेक्षा कितीतरी तीव्र असते. हा फरक विक्रेत्याने बोटाने दाखवून सांगितला, तर तो श्रावकाच्या व्यवहारधर्माचाच भाग होईल.

शेवटी गावाबाहेरच्या मुलांविषयी. आपल्या भागात ऊसतोडीसाठी आलेली कुटुंबे उसाच्या पाचटाच्या कोप्यांत राहतात. पहाटे चारला आई-वडील फडात जातात आणि तान्ही मुले दंवात बांधावर निजतात. खोकला त्यांनाही होतो आणि त्यांचे श्वास मोजायला घड्याळ असणारे कोणी नसते. औषधदान हा आपल्या दानपरंपरेतील एक मोठा शब्द आहे. सोलापुरात शेठ गोविंदजी रावजी यांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय उभे आहे, ते याच परंपरेतून. आपल्याला एवढे मोठे काही उभारायचे नाही. घरातील मुलांना आखूड झालेले स्वेटर आणि टोप्या धुऊन कोप्यांवर पोहोचवाव्यात, लसीच्या दिवशी एका कुटुंबाला आपल्या गाडीतून आरोग्य केंद्रात न्यावे, दुकानात आलेल्या मजूर आईच्या कडेवरच्या लेकराकडे क्षणभर नीट पाहावे. त्याचे पोट श्वासाबरोबर आत ओढले जात आहे का, हे आता आपल्याला ओळखता येते.

जय जिनेंद्र.