लय भारी होता... खरंच?

डिसेंबर २०२३. ‘अ‍ॅनिमल’ बघून आम्ही सहा जण नाशिकहून परत येत होतो. नाशिक ते घोटी एसटी, घोटीहून शेंडीपर्यंत जीप. बारी मागे पडली तरी जीपमध्ये पिक्चरच चालू होता. रणबीरची एंट्री, ती मशीनगन, इंटरव्हलच्या आधीची मारामारी. सगळ्यांचं एकच म्हणणं, ‘लय भारी!’ मीही म्हणालो, ‘लय भारी!’

मागच्या सीटवर आमच्या वर्गातल्या दोघी बसल्या होत्या. घोटीपासून गप्पच होत्या. शेंडीला उतरताना त्यातल्या एकीनं विचारलं, “तुला खरंच आवडला?”

“हो मग!” मी म्हणालो.

खोटं बोललो होतो.

त्या पिक्चरमध्ये हीरो एका बाईला सांगतो, प्रेम खरं असेल तर माझा बूट चाट. तेव्हा थेटरात शिट्टी वाजली आणि माझ्या पोटात कसंतरीच झालं. पण आजूबाजूचे हसले म्हणून मीही हसलो. रणबीर कपूर काम उत्तम करतो, बापाच्या एका शाबासकीसाठी तडफडणारा मुलगा त्यानं डोळ्यांतून उभा केलाय, हे मान्य. पण साडेतीन तासांच्या आसपास चालणारा तो पिक्चर त्या मुलाच्या प्रत्येक माजाला टाळ्या मागत होता, आणि त्या टाळ्या मला द्यायच्या नव्हत्या. तरी मी दिल्या.

का दिल्या?

एक कारण अगदी साधं आहे. भंडारदऱ्याहून नाशिक ७० किलोमीटरच्या आसपास. पिक्चर बघायचा म्हणजे एक अख्खा दिवस, तिकीट, एसटीचं आणि जीपचं भाडं, वर मिसळ. घरून पैसे मागताना बापाला काहीतरी थाप मारलेली. एवढं सगळं करून आल्यावर ‘बेकार होता’ म्हणायला जीभच वळत नाही. पिक्चर वाईट ठरला तर आपला दिवसही वाया गेला, असं होतं ना! मग आपण पैसे वसूल झाल्याची साक्ष देत बसतो.

दुसरं कारण म्हणजे घोळका. पिक्चर सुरू व्हायच्या आधीच मोबाइलवर निकाल लागलेला असतो. पहिल्या शोचे स्टार, रिळं, ‘ब्लॉकबस्टर’चे बोर्ड, शंभर कोटी, पाचशे कोटी. त्या कोटींतला एक रुपया आपल्याला मिळायचा नसतो, उलट आपलेच दोनशे त्यात गेलेले असतात. तरी आकडा आपणच अभिमानानं सांगतो. एवढ्या लोकांना आवडलाय म्हटल्यावर मी कोण टिकोजीराव?

आता दुसरं खोटं सांगतो. हे पहिल्याच्या बरोबर उलट्या दिशेचं आहे.

पुढे नाशिकला होस्टेलवर राहायला गेलो. तिथं सिनेमावर बोलणारे दोन-तीन सीनियर होते. त्यांनी चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ बघायला सांगितला. राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला, ऑस्करला भारताकडून गेलेला. रात्री लॅपटॉपवर लावला आणि विसाव्या मिनिटाला मी झोपलो. सकाळी त्यांनी विचारलं, कसा वाटला? मी चेहरा गंभीर करून म्हणालो, “मास्टरपीस!”

जीपमध्ये ‘लय भारी’ आणि होस्टेलवर ‘मास्टरपीस’. दोन्हीकडे मी माझं मत सांगितलंच नाही. समोर कोण बसलंय ते बघितलं आणि त्यांना हवं ते बोललो.

नंतर एका दाखल्यासाठी वडिलांबरोबर एका सरकारी कार्यालयात तीन वेळा जावं लागलं. लाकडी बाक, फिरणारा पंखा, साहेब आत आहेत, साहेब जेवायला गेलेत, पुढच्या सोमवारी या. तिसऱ्या खेपेला त्या बाकावर बसल्या बसल्या ‘कोर्ट’ आठवला. त्या रात्री परत लावला आणि झोप आली नाही. नारायण कांबळे नावाच्या म्हाताऱ्या शाहिरावर खटला आहे. त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगारानं जीव दिला, असा आरोप. कॅमेरा एका जागी ठेवलेला, तारखांवर तारखा पडतायत आणि कुणालाच घाई नाही. पहिल्यांदा मला जे कंटाळवाणं वाटलं, तीच त्या माणसाची शिक्षा होती. आज मला ‘कोर्ट’ मनापासून आवडतो. पण ‘पहिल्यांदा झोपलो होतो’ हे सांगितल्याशिवाय त्या आवडण्याला अर्थ नाही. मत बदलू शकतं, पण बदलायला आधी स्वतःचं मत असावं तर लागतं!

आमच्या घरात खरी समीक्षक माझी आजी. टीव्हीवर एकदा हिंदी पिक्चरचं गाणं लागलं होतं. धो धो पाऊस, हिरवंगार रान, हिरॉईन नाचतेय. आजी थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “एवढ्या पावसात इरल्याबिगर उभीय, थंडी नाय वाजत का हिला? आन् खाचर कुणाचं तुडवतीय?”

आम्ही खूप हसलो. पण तिचा मुद्दा बघा. भंडारदऱ्याचा पाऊस बघायला मुंबई-पुण्याहून गाड्यांच्या रांगा लागतात. रंधा धबधब्याजवळ कुठल्या पिक्चरचं कुठलं गाणं झालं, हे प्रत्येक गाईड वेगवेगळं सांगतो. धरण दिसतं, धुकं दिसतं, कळसूबाई दिसते. पण त्याच पावसात गुडघाभर चिखलात वाकून आवणी करणाऱ्या बाया त्या गाण्यांत नसतात. आमच्याकडे पाऊस म्हणजे पाठ मोडणारं काम. आजीला ते माहीत आहे, म्हणून तिला पडद्यावरचं खोटं एका मिनिटात कळलं. तिनं कुठलं रेटिंग वाचलं नव्हतं.

तर आजीच्या मापानं माझी यादी.

‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) कितीही वेळा बघेन. डायलॉग पाठ आहेत, तरी हसतो. यात काही खोल अर्थ शोधायला जात नाही. चार पोरांना शहरात डोक्यावर छप्पर मिळत नाही, ही अडचण खरी आहे, म्हणून बाकीचा सगळा खोटेपणा चालतो. होस्टेल किंवा भाड्याची खोली शोधलेल्या कुणालाही विचारा.

‘धडक’ (२०१८) मला अजिबात आवडला नाही. ‘सैराट’ची नक्कल केली म्हणून नव्हे. ‘बनवाबनवी’सुद्धा हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरूनच घेतलेला आहे, आणि तो आपल्याला आपलाच वाटतो. ‘धडक’नं गोष्ट उचलली, गाणी उचलली, आणि ज्या जातीमुळे ती गोष्ट घडते तीच पुसट करून टाकली. मग उरलं काय? दोन सुंदर चेहरे आणि उदयपूरचे महाल.

‘सैराट’ (२०१६) आवडतो, पण लोक सांगतात त्या कारणासाठी नाही. ‘झिंगाट’वर मीही वरातीत नाचलोय. मला भिडला तो हैदराबादचा भाग. पळून गेल्यावर झोपडपट्टीतली खोली, पाणी, संडास, पैसे, भांडणं. संशयापोटी परश्या आर्चीवर हात उचलतो. तिथं कुणी शिट्टी वाजवत नाही, कारण नागराज मंजुळेंचा कॅमेरा त्याला हीरो करत नाही, लहान करतो. ‘अ‍ॅनिमल’बद्दल माझी तक्रार हीच आहे. पडद्यावर वाईट माणूस दाखवू नका, असं कोण म्हणतंय? दाखवा. पण दाखवताना तुम्ही कुणाच्या बाजूला उभे आहात, ते प्रेक्षकाला कळतं.

आणि ‘फँड्री’. गोष्ट घडते ती अकोळनेरमध्ये. आमचं अकोले नव्हे, अहिल्यानगरजवळचं अकोळनेर. डुक्कर पकडायची धावपळ चालू असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं अख्खं कुटुंब जिथल्या तिथं उभं राहतं. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्या दिशेनं. हा पिक्चर मला ‘आवडला’ असं म्हणवत नाही. दुसऱ्यांदा बघायची हिंमत झालेली नाही. पण विसरताही येत नाही. आवडला आणि नावडला या दोनच खणांत सगळं बसत नाही, हे मला ‘फँड्री’नं शिकवलं.

ही यादी तुम्हाला पटायला पाहिजे असं काही नाही. ‘अ‍ॅनिमल’ तुम्हाला आवडला असेल, तर खुशाल सांगा आणि का आवडला तेही सांगा. ‘का’ सांगता आलं की भांडायला मजा येते. नुसतं ‘भारी’ आणि नुसतं ‘बकवास’ यावर भांडताही येत नाही.

दोन धाक मात्र डोक्यातून काढून टाकायला हवेत. पहिला, ‘मराठी आहे, नावं ठेवू नका.’ अरे, आपला आहे म्हणूनच ठेवायची! वाईट पिक्चरला खोट्या टाळ्या दिल्या की पुढच्या वर्षी तसेच आणखी चार येतात, आणि चांगल्याला शो मिळत नाहीत. दुसरा धाक जास्त अवघड आहे. ऐतिहासिक पिक्चरमधली गाणी, भाषणं, कॉम्प्युटरवर काढलेले वाघ आवडले नाहीत असं म्हटलं की लगेच कुणीतरी डोळे वटारतं. दोस्तांनो, महाराज वेगळे आणि महाराजांवरचा पिक्चर वेगळा. पिक्चर कच्चा आहे असं म्हणणाऱ्याची निष्ठा कच्ची नसते. उलट एवढ्या मोठ्या माणसावर काम करताना दिग्दर्शकानं जास्त मेहनत घ्यावी, अशीच त्याची अपेक्षा असते.

‘तुला सिनेमातलं काय कळतं?’ असंही कुणी विचारेल. आपल्याच जिल्ह्याकडे बघा. नागराज मंजुळेंनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला तो नगरच्या कॉलेजात शिकत असताना, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भाऊराव कऱ्हाडेंनी जमीन विकून ‘ख्वाडा’ उभा केला, मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची गोष्ट सांगितली, आणि तोही राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेला. पडद्यावर दिसतं ते आपलं गाव नाही, असं आधी कधीतरी मनापासून वाटल्याशिवाय माणूस एवढा खटाटोप करत नाही. आवणी करणाऱ्या बायांचा पिक्चर अजून व्हायचा आहे. तो ज्या पोरीला करावासा वाटेल, तिला आधी ‘हे गाणं मला नाही आवडलं’ असं मोठ्यानं म्हणता आलं पाहिजे.

शेवटी जीपमधल्या त्या मैत्रिणीबद्दल. बऱ्याच महिन्यांनी राजूरच्या स्टँडवर भेटली. मी म्हणालो, “तेव्हा खोटं बोललो होतो. मला नव्हता आवडला.”

ती म्हणाली, “मग तेव्हाच बोलायचंस ना. मला वाटलं, सगळे हसतायत म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय.”

हे मला त्या शिट्टीपेक्षा जास्त लागलं. माझ्या ‘लय भारी’नं माझं काही बिघडलं नव्हतं, तिला मात्र एकटं पाडलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी पिक्चर बघून परत निघालात आणि सगळे एका सुरात बोलायला लागले, की मागच्या सीटवर कोण गप्प बसलंय ते जरा बघा. आणि तुम्हाला खरंच काय वाटलं, ते घर यायच्या आत सांगून टाका.