झोळीवाल्याची भीती

बेळगावच्या खासबागेत रविवारचा बाजार भरला की पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या गर्दीत कधी आसूड कडाडत पोतराज येतो, कधी नंदीबैलवाला, कधी भगव्या कपड्यातला डवरी गोसावी. आणि अधूनमधून घराघरातल्या मोबाईलवर तोच संदेश फिरू लागतो: मुलं पळवणारी टोळी वेष पालटून आली आहे, पोरांना सांभाळा, संशयित दिसला तर धरून ठेवा.

हा संदेश पुढं धाडणाऱ्या आईला मी नावं ठेवणार नाही. आई-बाप दोघंही दिवसभर मागावर, मूल बोळात खेळतंय, आणि मागाच्या खडखडाटात त्याची हाकही आत ऐकू येत नाही. अशा घरात काळजी असणारच. तिचं म्हणणं सरळ आहे: अनोळखी आणि त्यातून सोंग घेतलेला माणूस दिसला की मुलानं पळावं, मोठ्यांनी त्याला गल्लीबाहेर काढावं. चार निरपराध दुखावले तरी चालतील, मूल वाचलं पाहिजे.

हे म्हणणं मला मान्य नाही, कारण यात मूल वाचतच नाही.

मुलांच्या लैंगिक शोषणाचे जे गुन्हे पोक्सो कायद्याखाली नोंदले जातात, त्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांतला आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. नात्यातला, शेजारचा, रोज उठबस असलेला. मुलं पळवण्याचंच म्हणाल, तर आपल्या भागाला हादरवून टाकणारं प्रकरण कोल्हापूरचं. 1990 ते 1996 या काळात मुलं पळवून, चोरीसाठी वापरून, त्यातल्या काहींचा जीव घेणाऱ्या गावित मायलेकींनी कोणतं सोंग घेतलं होतं? साडी नेसलेल्या, कडेवर मूल घेतलेल्या बायका! गर्दीत त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसेल. झोळीकडे बोट दाखवून मोठं केलेलं मूल अशा माणसांसमोर अगदी बेसावध उभं राहतं.

आणि त्या ‘चार निरपराधांचं’ काय होतं? 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. तिथंही रविवार, तिथंही आठवडी बाजार. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे ठरवले गेले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले गेले आणि ठेचून मारले गेले. 2022 च्या सप्टेंबरात जत तालुक्यातल्या लवंगा गावात विजापूरकडून पंढरपूरला निघालेल्या चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला. तेवढ्यावरून त्यांना काठ्या-पट्ट्यांनी बडवलं. लवंगा काही दूर नाही, आपल्यासारखाच मराठी-कानडीचा सीमाभाग आहे. 2018 च्या त्या लाटेत देशभर फिरलेली एक चित्रफीत तर अंगावर काटा आणते. दुचाकीवरचे दोघे एका मुलाला उचलून नेतात. मुळात ती कराचीतल्या एका संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठीच केलेली जाहिरात होती. पुढे तो दुचाकीस्वार मूल परत आणून सोडतो आणि पालकांना सावध राहा म्हणून फलक दाखवतो. तो शेवट कुणीतरी कापून टाकला आणि उरलेल्या तुकड्यानं माणसं मेली.

याचा अर्थ पोतराज दारात आला की मुलाला पुढं ढकलून ‘घाबरतोस काय, पाया पड’ म्हणावं, असा नाही. उघडं अंग, मळवट, आसूडाचा कडाका: लहान मुलाला भीती वाटणारच आणि ती खरी असते. त्याला उंबऱ्याच्या आत, आपल्या मागं उभं राहू द्यावं. दान द्यायचं की नाही, ते मोठ्यानं पुढं होऊन बघावं. मूल रडतंय म्हटल्यावर आसूड खाली ठेवा, असं त्या माणसाला स्पष्ट सांगावं. पैशासाठी कुणी मुलांवर धावून जात असेल, तर पोलिसांना बोलवावं. हात मात्र उगारू नये.

आपली खरी चूक दुसरीकडेच आहे. ‘जेव, नाहीतर त्याच्या झोळीत घालतो बघ’, ‘गप बस, पोलीस नेतील’, हे आपण रोज सहज बोलतो. मग बाजारात हात सुटलेलं मूल खाकी कपडे बघून उलट दिशेला पळतं. कायद्याला मुलाच्या मनाची ही भीती कळली आहे. पोक्सोच्या 24 व्या कलमानुसार मुलाचा जबाब घेताना पोलीस अधिकाऱ्यानं गणवेश घालायचा नसतो आणि जबाब शक्यतो मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो. जे 2012 साली संसदेला सुचलं, ते आपल्या स्वयंपाकघरात अजून पोचलेलं नाही.

मुलाला शिकवायची ती माणसाची वागणूक. ‘बाबांनी पाठवलंय, चल’ म्हणणारा, आडबाजूला बोलावून खाऊ देणारा, नको तिथं हात लावणारा, ‘घरी सांगू नकोस’ म्हणणारा कोणीही असो, गोसावी असो, मास्तर असो की सख्खा काका, तिथून ओरडून निघायचं आणि घरी सांगायचं. सांगितल्यावर मार बसणार नाही, याची खात्री आधी आपण द्यायची. न्यायला कुणी आलंच, तर घरातल्यांनी ठरवलेला खुणेचा शब्द विचारायचा. बाजारात चुकलं, तर आहे तिथंच थांबायचं, जवळच्या भाजीवाल्या मावशीला आपलं नाव आणि आईचा नंबर सांगायचा. आपल्या खासबागेतल्या पोरांना तो नंबर मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत पाठ हवा. 1098 हा मदतीचा क्रमांकही.

आणि तो संदेश पुन्हा आला, तर पुढं धाडू नका. आधी जवळच्या पोलीस ठाण्याला फोन करून विचारा.