कायदा, किंमत आणि व्यसन

१९७१ च्या जून महिन्यात अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अमली पदार्थांच्या व्यसनाला अमेरिकेचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरविले. त्यानंतरच्या अर्धशतकात त्या देशाने तुरुंग भरले, सीमांवर पहारे बसविले, परदेशांतील पिकांवर विषारी फवारे मारले. आणि २०२१ साली या पदार्थांच्या अतिमात्रेने एका वर्षात एक लाखाहून अधिक माणसे दगावली. २०२४ मध्ये हा आकडा बराच उतरला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु मोहिमेचा विजय म्हणून मिरवावे असे त्यात काही नाही.

याचे कारण अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातच आहे. व्यसनी माणसाची मागणी लवचिक नसते. भाव वाढला म्हणून तो व्यसन सोडत नाही. घरातील भांडी विकतो. पुरवठा अडविला की भाव चढतो, भावाबरोबर नफा चढतो, आणि पकडलेल्या विक्रेत्याची जागा घेण्यास दुसरा तयारच असतो. शिवाय चोरटा माल आकाराने लहान व गुणाने तीव्र असलेला बरा. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत बिअर मागे पडून कडक दारूचे प्रस्थ वाढले ते यामुळेच. हेरॉइनची जागा फेंटानिलने घेतली, तीही बरीचशी यामुळेच.

कायद्याचा तराजूही सरळ नव्हता. १९८६ च्या कायद्यान्वये पाच वर्षांची किमान शिक्षा होण्यास कोकेनची भुकटी ५०० ग्रॅम लागे, तर क्रॅक अवघे ५ ग्रॅम. द्रव्य मुळात एकच. परंतु क्रॅकसाठी शिक्षा झालेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. २०१० मध्ये ही तफावत शंभरपटीवरून अठरापटीवर आली. नाहीशी झाली नाही. उलट, ऑक्सिकाँटिन ही वेदनाशामक गोळी विकणाऱ्या पर्ड्यू फार्मा कंपनीने २०२० साली फौजदारी गुन्हे कबूल केले, तरी तिच्या मालक कुटुंबातील कोणी तुरुंगात गेले नाही.

मग शिक्षाच रद्द करावी काय? ओरेगॉन राज्याने २०२० च्या जनमताने तसे केले. अल्प साठा बाळगणे तेथे फौजदारी गुन्हा राहिला नाही. परंतु शिक्षा तत्काळ उठली आणि उपचारांची सोय मात्र रेंगाळली. २०२४ मध्ये विधिमंडळाला पाऊल मागे घ्यावे लागले. दंड काढून घेऊन त्या जागी काहीच उभे न करणे, याला सुधारणा म्हणता येत नाही.

आपणही १९८५ साली कडक कायदा केला. व्यसनी व्यक्तीला तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठविण्याची तरतूद त्यात आहे. परंतु उपचारकेंद्रच हाताशी नसेल, तर न्यायाधीशाने त्या व्यक्तीला पाठवावे कोठे? अमेरिकेने अर्धशतक आणि लाखो प्राण खर्चून जो धडा घेतला, तो आपणास फुकट उपलब्ध आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत आपण ओळखणार आहोत काय, एवढाच प्रश्न आहे.