गाणाऱ्या पोरांनो, पूर्वेची गाडी धरा

दिवाळी उलटली की आपल्या गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडईच्या जत्रा भरू लागतात. धान घरात आलेलं असतं, हातात चार पैसे खेळत असतात. दिवसा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट आणि रात्री नाटक, असा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा जुना शिरस्ता. वडशाच्या नाटक मंडळ्या येतात, ऑर्गन-तबला मांडला जातो आणि गाव शाली-घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसतं. नटाचं पद रंगलं की पुन्हा म्हणायला लावतं, खिशातली नोट काढून बक्षीस देतं. त्याच गावातली बारावीची पोरगी मात्र “मले संगीतातच पदवी घ्यायची आहे” म्हणाली, की घरात एकच प्रश्न उठतो. गाण्यानं पोट भरते का?

ज्या गावाला रात्रभर गाणं लागतं, त्यानं आपल्याच पोरीला हा प्रश्न विचारावा, याचा मला राग येतो. गाणं आपल्याला हवं आहे. गाणारा मात्र दुसऱ्याच्या घरचा हवा.

गाणं आपल्या मातीत उपरं नाही. आमगावजवळचं पदमपूर हे भवभूतीचं गाव, असं वा. वि. मिराशींसारख्या संशोधकानं मांडलं; आठव्या शतकातला हा नाटककार विदर्भाचा होता, हे तर त्याच्याच नाटकातून कळतं. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडाला माघ पौर्णिमेच्या सुमारास देशभरचे गोंड बांधव येतात, तेव्हा डोंगर ढोलांनी घुमतो. दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं आहेत, पोवारी बोलीतली लग्नाची गाणी आहेत, गावोगाव खंजिरी भजनाची मंडळं आहेत. आणि आपलं विद्यापीठ कोणाच्या नावाचं? खंजिरीच्या थापेवर माणसं जागी करणाऱ्या तुकडोजी महाराजांच्या. 2005 साली नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं गेलं. भजनातून लोकशिक्षण करणाऱ्या संताचं नाव प्रमाणपत्रावर छापून घ्यायचं आणि त्याच प्रमाणपत्रावर ‘संगीत’ हा विषय दिसला की नाक मुरडायचं, हे कसं चालेल?

कोणी म्हणेल, भीमसेन जोशी कुठल्या कॉलेजात गेले होते? बरोबर आहे, नव्हते गेले. पण त्यांनी काय सोसलं तेही सांगा. अकरा वर्षांचं पोर गुरूच्या शोधात घरातून पळालं, वणवण फिरलं आणि शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या दारी स्थिरावलं. देवरीच्या किंवा सडक अर्जुनीच्या शेतमजुराच्या पोरानं असं पळावं, अशी तुमची इच्छा आहे का? आणि पळून जायचं कुणाकडे? घराण्याची दारं साध्या घरातल्या मुलाला सहजी उघडत नव्हती, म्हणून तर विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला लोकवर्गणीतून गांधर्व महाविद्यालय काढलं. म्हणून तर भातखंड्यांनी वकिली बाजूला सारून देशभर हिंडून बंदिशी गोळा केल्या आणि कोणालाही विकत घेता येईल अशा पुस्तकांतून छापल्या. संगीताची पदवी या दोघांच्या खटपटीतून उभी राहिली आहे. ज्याचा बाप गवई नाही, त्याच्यासाठी ती आहे. म्हणजे आपल्यासाठीच.

आता ही पदवी घ्यायची कुठं, त्याचा पत्ता. आपल्याकडे शिकायला जाणं म्हणजे पश्चिमेला जाणं. विदर्भ एक्सप्रेस मुंबईला नेते, महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून थेट कोल्हापूरला. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. दोन्ही चांगले, पण खोलीभाड्यानंच बाप वाकायचा. म्हणून एकदा उलट्या दिशेची गाडी बघा. गोंदियाहून आमगाव, सालेकसा, दरेकसा, की लगेच छत्तीसगड आणि डोंगरगड. तिथं बमलेश्वरीच्या दर्शनाला आपण सारे जातोच. डोंगरगडला किंवा पुढं राजनांदगावला उतरून रस्त्यानं खैरागड गाठता येतं. तिथं 1956 पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे. खैरागडच्या राजा-राणीनं अकाली गेलेल्या आपल्या मुलीच्या नावानं राजवाडाच विद्यापीठाला देऊन टाकला. संगीत आणि कलांना वाहिलेलं अख्खं विद्यापीठ, आणि त्याच्या सुरुवातीच्या कुलगुरूंपैकी एक श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, भातखंड्यांचे पट्टशिष्य, मुंबईचा मराठी माणूस! गायन, तबला, सतार, व्हायोलिन, कथक, नाट्य तिथं शिकवतात आणि लोकसंगीताचा स्वतंत्र विभागही आहे. दंडारीतल्या पोराला आणखी काय पाहिजे? भाषा हिंदी, ती तर गोंदियाच्या बाजारात आपण रोज बोलतो. आपल्या अंगणाला लागून असलेल्या या दाराकडे जिल्ह्यानं इतकी वर्षं पाठ का फिरवली, हे मला कोडंच आहे. राज्याची सीमा नकाशावर असते, सुरांना तिचं काय?

मात्र कोणी रिकाम्या हातानं जाऊ नये. पदवीला बसणं म्हणजे मोबाइलवरच्या गाण्याची हुबेहूब नक्कल करणं नव्हे. पहाटे उठून एकेका स्वरावर घासावं लागतं. विलंबित एकतालात ख्याल मांडताना समेवर यायचं म्हणजे काय, हे महिनोन् महिने कळत नाही. बोटांवर ताल मोजत दुगुन-चौगुन म्हणून दाखवावी लागते. शिवाय शास्त्र आहे: श्रुती, थाट, रागांची वेळ, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’. हे रुक्ष वाटतं खरं, पण गळ्याला डोळे येतात ते इथंच. ज्याला आजपासून सुरुवात करायची आहे त्यानं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका या परीक्षांनी करावी. हार्मोनियम पाहिजेच असं नाही. तानपुऱ्याचा सूर आता फोनमध्येही मिळतो.

आणि पोटाचं? खोटं सांगून कोणाला भुलवायचं नाही. संगीत शिक्षकांच्या जागा थोड्या आहेत. पण केंद्रीय विद्यालयात आणि नवोदयात संगीत शिक्षक असतो आणि त्याला पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते, गोड गळा पुरत नाही. प्राध्यापकीसाठी नेट-सेट आहे, कलाकारासाठी आकाशवाणीची श्रेणी आहे. आणि ज्या झाडीपट्टी रंगभूमीवर दरवर्षी इतके प्रयोग होतात, तिला शिकलेले वादक, गायक, संगीतकार नकोत का? इंजिनिअर होऊन घरी बसलेले पोट्टे गावोगाव आहेत. त्यांना कोणी पोटाचा प्रश्न आधी विचारला होता? परशुराम खुणे हे झाडीपट्टीचेच कलावंत, 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. टाळ्या आपण सगळ्यांनीच वाजवल्या.

तेव्हा मंडईच्या आयोजकांनो, यंदाच्या नाटकाच्या शिलकीतून गावातल्या एका मुलाचा किंवा मुलीचा एका वर्षाचा वसतिगृहाचा खर्च बाजूला काढा. भजन मंडळांनी रियाझाला जागा द्यावी, सकाळी समाजमंदिर रिकामंच असतं. पोरींच्या बापांनो, लग्नात “आमची पोरगी गाते” म्हणून मिरवता ना? मग तिला चार वर्षं शिकू द्या.

आणि जे पदवीधर आहेत त्यांनी विद्यापीठाच्या पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवावं. अधिसभेची निवडणूक येते, उमेदवार घरी येतात, चहा पितात. त्यांना एवढंच विचारा: आमच्या तालुक्याच्या कॉलेजात संगीत हा पदवीचा मुख्य विषय कधी सुरू होणार? 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत पाडायला सांगतं, तेव्हा नियम आडवा येतो असं कोणी म्हणू नये. उत्तर लेखी मागा. नाही मिळालं तर मत देऊ नका.